दहाला सुटून साडेतीनला पोचणारं विमान

डबलबेलने मौन धरलंय ही बातमी तळमजल्यावर फुटली, आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईला लकवा मारलेला होता. मधल्या मजल्यावरच्या कुणीतरी शपथेवर सांगितलं, की तिने घरमालकाविरुद्ध उपोषण मांडलंय आणि स्वतःला खुर्चीला बांधून घेतलंय. यातलं खुर्चीचं तेवढं खरं होतं. बाकी सगळी जिन्याची करणी. आमच्या जिन्यात एका टोकाला शिंक सोडली तर दुसऱ्या टोकाला न्यूमोनिया पोचतो.

खरं काय ते आधी पाहिलं टाचणीवहिनीने. ही समोरच्या दारची शिवणकाम करणारी. ओठांत कायम चार-सहा टाचण्या, तरी जीभ अशी चालते की ऐकणाऱ्याने जपून राहावं. साखर संपल्याचं निमित्त करून ती हातात वाटी घेऊन आत घुसली, आणि दारातच थबकली.

डबलबेल भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. गाऊनचा पट्टा पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमागे गाठ मारलेली. पुढ्यात दुसरी खुर्ची पाठमोरी, इतकी जवळ की गुडघे तिला टेकलेले. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला स्टूल आणि त्या स्टुलावर माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या उशा. मांडीवर चहाचा ट्रे.

"अगं बाई! काय झालं हो बाई? बोलता येतंय का?"

"बोलता येतंय. उठता येत नाही. अजून पट्टा सोडायची वेळ झाली नाही."

"आणि ह्या उशा?"

"शेजारचा प्रवासी आहे. झोपलाय. टाचणे, मी विमानात आहे. साखर डब्यात आहे, घे आणि नीघ. आणि मधल्या वाटेत उभी राहू नकोस."

वहिनीच्या तोंडातल्या दोन टाचण्या खाली पडल्या. त्या शोधायला म्हणून ती आणखी अर्धा तास थांबली आणि सगळी हकिकत काढूनच बाहेर आली.

तर डबलबेल विमानात बसायची तालीम करत होती. हे ऐकून जिन्यातले लोक हसले, कारण त्यांना वाटलं यात तालीम ती कसली करायची? बसायचं म्हणजे बूड टेकायचं. पण डबलबेलला जे ओळखतात ते हसले नाहीत. तिला बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

सगळं आयुष्य तिने शहरातल्या गोल मार्गाच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं. गाडी बाजारापासून निघायची, इस्पितळ, न्यायालय, नदीवरचा पूल करत पुन्हा बाजारात यायची. कंडक्टरला दाराजवळ एक बाकडं असायचं. त्यावर ती आपली डब्याची पिशवी बसवायची आणि स्वतः उभी राहायची. कंबर खांबाला टेकलेली, दोन्ही हात मोकळे, गाडी वळली की अंग आपोआप उलटीकडे झुकणार. दोरी ओढून दोनदा घंटी दिली की गाडी सुटायची, आणि ते दोन ठोके तिच्या हाडात असे मुरले की ती कुणाचं दार वाजवायची तेही दोनदाच. चहा संपला की कपावर चमच्याने टण्‌टण्‌. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण चिकटलं ते कायमचं.

निवृत्त झाली तरी बाई उभीच. जेवण ओट्याशी उभ्याने, टीव्ही दाराच्या चौकटीला टेकून, इस्पितळात रांग असली तर बाकावरची जागा दुसऱ्याला. लग्नाचं विचाराल, तर ते स्थानक तिच्या मार्गावर लागलं नाही. आईवडील लवकर गेले, घरात धाकटी बहीण होती, तिला वाढवायची होती. गाडी त्या एकाच मार्गावर भरून धावली.

ही धाकटी मोठी झाली, खोटे दात बनवायचं काम शिकली, त्यात तिचा हात असा बसला की समुद्रापलीकडच्या एका शहरातून बोलावणं आलं. तिथेच तिने लग्न केलं, तिथेच राहिली. वीसएक वर्षं झाली. मधे तीनदा येऊन गेली. प्रत्येक वेळी जाताना म्हणायची, "ताई, आता तू ये." प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "येते की." मग कधी घराची गळती निघायची, कधी दाढ दुखायची, कधी डेपोत माणसं कमी पडायची. निवृत्तीनंतर डेपोचं कारण गेलं तर बाईंनी मांजर पाळलं. मांजराला कोण बघणार?

शेजारी म्हणायचे, बाई मानी आहे. बहीण सोडून गेली याचा राग धरून बसलीय. (बसलीय कुठली, उभीच!) कुणी म्हणायचं, विमानाला घाबरते. दोन्ही खोटं. खरं कारण इतकं साधं होतं की ते सांगायची तिला लाज वाटायची. चालत्या गाडीत तिला बसता येत नव्हतं. उभी असली तर खड्ड्यांतून, वळणांतून, धक्के खात दिवसभर जाईल. पण सीटवर टेकली आणि गाडी हलली, की पोटात गोळा उठायचा, घाम फुटायचा, आणि ती पुढच्या थांब्यावर उतरून जायची.

ती म्हणायची डिझेलच्या वासाने होतं. जणू काही उभ्या माणसाला डिझेलचा वास येतच नाही. हे दुखणं लागलं एका ठरावीक दिवशी. धाकटीला पहिल्यांदा विमानतळावर सोडून ती परत येत होती. त्या दिवशी गाडीत ती कंडक्टर नव्हती, प्रवासी होती, म्हणून कुणीतरी आग्रहाने जागा दिली आणि ती बसली. हातांना काम नाही, डोळ्यांना काम नाही, शेजारची जागा रिकामी. गाडी सुटली, आणि तो गोळा तेव्हा पहिल्यांदा उठला. उरलेली वाट ती चालत आली. तिने हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं नाही.

मग यंदा धाकटीचा फोन आला. तिचे डोळे अधू होत चालले होते. मधलं दिसतं, पण कडांनी अंधार आत सरकतोय, दात बनवायचं काम कधीच सुटलं. एकटीने प्रवास आता जमणार नाही. डॉक्टर म्हणाले, किती दिवस दिसेल ते सांगता येत नाही. हे सगळं तिने हसत सांगितलं, त्या घराण्यात रडून काही सांगायची पद्धतच नाही. शेवटी फक्त म्हणाली, "ताई, अजून समोरचं माणूस नीट दिसतं गं मला."

त्या संध्याकाळी डबलबेल कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे गेली आणि काउंटरवर दोनदा टकटक केलं.

"अंतर किती?"

"बारा हजार किलोमीटर धरा, बाई. सरळ विमान आहे, मधे कुठे थांबत नाही."

"आमच्या मार्गाच्या फेऱ्या केल्या तर चार-सहा महिने जातील. बरं, वेळापत्रक दाखव."

त्याने कागद पुढे सरकवला. सुटण्याची वेळ सकाळी दहा. पोचण्याची वेळ दुपारी साडेतीन. तारीख तीच. डबलबेलने मनात वजाबाकी केली आणि तिचा जीव भांड्यात पडला. साडेपाच तास! एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं दाढ दुखवून घेतली? परतीची ओळ मात्र विचित्र होती. संध्याकाळी सहाला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. जाताना साडेपाच आणि येताना बावीस तास? तिने तिकीटवाल्याला विचारलं नाही. अनुभवी माणूस असं विचारत नाही. तिला ठाऊक होतं, परतीच्या फेरीला उतारू कमी असले की ड्रायव्हर रमतगमत आणतात, वाटेत कुठे चहा पितात. आणि येतानाची काळजी कशाला? आधी जाऊ तर दे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई रोज दुपारी चारला बहिणीला फोन करायची तेव्हा तिकडे सकाळ असायची, हे काय तिला माहीत नव्हतं? होतं की. धाकटी तिकडे डोळे चोळत पहिला चहा प्यायची आणि ही इकडे चौथा. दोन गावांची दोन घड्याळं असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण एकाच वेळापत्रकावर दोन घड्याळं छापतील, असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिच्या जगात वेळापत्रकात एकच घड्याळ असायचं, डेपोच्या भिंतीवरचं, आणि ते खोटं बोलत नसे.

म्हणून खुर्ची, म्हणून पट्टा, म्हणून उशांचा प्रवासी. पहिल्या दिवशी ती पाऊण तासात उठली. पण आठवड्याभरात घरच्या खुर्चीवर ती साडेपाच तास काढू लागली, आणि जिन्यात टाचणीवहिनी रोज ताजी खबर द्यायला लागली: "आज बाई समुद्रावर पोचल्या."

पण घरची खुर्ची हलत नाही. मग डबलबेलने आपल्या जुन्या ड्रायव्हरला गाठलं. याचं नाव लोण्या, कारण ब्रेक असा मारायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. तो अजून त्याच गोल मार्गावर होता.

"लोण्या, मला तुझ्या गाडीत बसायचंय."

"बसा की, गाडी तुमचीच आहे."

"तसं नाही रे. *बसायचंय*."

लोण्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आरशात तो तिला उभीच बघत आला होता. त्याने आपल्या मागचीच जागा दाखवली.

पहिला दिवस फुकट गेला. इस्पितळाच्या थांब्यावर एक म्हातारा चढला, बाई ताडकन उठल्या, "बसा आजोबा." पुलावर एक लेकुरवाळी चढली, पुन्हा उठल्या. नव्या कंडक्टर पोरीने सुट्ट्यासाठी जरा वेळ लावला तर हिची बोटं नुसती वळवळत होती. बाजार येईपर्यंत बाईंचा चेहरा पांढराफटक.

"डिझेल," बाई म्हणाल्या.

"ही गाडी विजेवर चालते," लोण्या म्हणाला. "दोन वर्षं झाली."

मग गाडी रिकामी उभी असताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लोण्या, समजा मी पोचले. समोर जाऊन उभी राहिले. आणि तिला दिसलेच नाही, तर रे?"

लोण्याला गाडीतलंच सुचायचं. तो म्हणाला, "उद्या मागे बसून बघा. एकदम शेवटच्या रांगेत. तिथून सगळ्यांची डोकी दिसतात."

आणि काय सांगावं, ही मात्रा लागू पडली! शेवटच्या रांगेतून सगळी गाडी तिच्या नजरेत आली. किती चढले, किती उतरले, कोण कुठल्या थांब्याला उतरणार, कोण डुलकी घेतंय आणि थांबा चुकवणार. ती डोकी मोजू लागली आणि पोट आपलं काम विसरलं. त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. मग पाच. मग एके दिवशी सकाळी बाजारात बसलेली बाई साडेपाच तासांनी बाजारातच उतरली, आणि लोण्याने तिच्या मानात हॉर्न दोनदा वाजवला.

डबलबेल तडक तिकीटवाल्याकडे गेली. "मला शेवटची रांग दे."

"बाई, शेवटच्या रांगेत खुर्चीची पाठ मागे जात नाही. शेजारी संडास. लोक तिथे नको म्हणून भांडतात."

"लोकांना मोजायचं कुठे असतं? दे."

दुपारी चारला तिने बहिणीला फोन लावला. आवाजात अशी ऐट, जणू विमान हीच चालवणार आहे. टाचणीवहिनी तेव्हा नवा कोट बाईंच्या अंगावर घालून माप बघत होती आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं सगळं अक्षर न् अक्षर आपल्याला माहीत आहे.

"ताई, विमानात दोनदा जेवण देतात. पहिलं खा आणि मस्त झोप काढ," धाकटी म्हणाली.

"साडेपाच तासांत दोनदा जेवण? माणसं आहेत की बकासुर?"

"साडेपाच? कोण म्हणालं साडेपाच?"

"वेळापत्रक म्हणालं! दहाला सुटतं, साडेतीनला पोचतं."

तिकडे धाकटी जी हसायला लागली ती थांबेना. "अगं ताई, ते दहा तुझे आणि साडेतीन माझे! मधे नऊ तासांचा फरक आहे. साडेचौदा तास लागतात गं!"

टाचणीवहिनीने सांगितलं, की कोटाच्या आत बाईंचा श्वास थांबलेला तिला बोटांना कळला. बाई जागच्या जागी उभ्याच राहिल्या. साडेपाच तास कमवायला सबंध महिना गेला होता.

"ताई? अगं बोल ना. हसले म्हणून रागावलीस?"

"मला बसता येत नाही," डबलबेल म्हणाली.

"म्हणजे?"

"चालत्या गाडीत बसता येत नाही मला. तुला सोडून आले ना, त्या दिवसापासनं. बसले की पोटात कालवतं. म्हणून नाही आले मी. दाढबिढ काही नव्हती."

आता तिकडचं हसू पार विरलं. धाकटीचा आवाज अगदी लहान झाला. "मला वाटायचं, मी निघून आले म्हणून तू रागावलीयस. दर वेळी तू 'येते की' म्हणायचीस आणि मी मनात म्हणायची, ताईने मला अजून माफ केलेलं नाही."

"वेडी का गं तू?"

"मग तू वीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कंडक्टरला गाडी लागते, हे काय सांगायचं असतं?"

मग धाकटीने जे केलं ते कुणाही शहाण्या बहिणीने केलं असतं, आणि त्याचा परिणाम अगदी उलटा झाला. ती म्हणाली, "नको येऊस ताई. खरंच. इतका त्रास करून नको. रोज आवाज ऐकू येतोच की तुझा. तेवढं पुरे मला."

फोन ठेवल्यावर डबलबेलने कोट काढला नाही. तसाच टाचण्यांसकट अंगात ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. "पुरे म्हणाली," ती पुटपुटली. लहानपणी भांड्यातलं संपत आलेलं असलं आणि ताई अजून उपाशी असली, की धाकटी अशीच म्हणायची. पुरे मला. पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर आरडाओरडा ऐकू आला. डबलबेल तिकीटवाल्यापुढे उभी होती. "दोन गावांची दोन घड्याळं एका ओळीत छापता? आमच्या डेपोत असं केलं असतं तर लोकांनी गाडी जाळली असती!" तिकीटवाल्याला वाटलं तिकीट रद्द होणार. त्याने घाबरत विचारलं, "मग बाई, रद्द करू?"

"डबल बेल दिली की गाडी थांबवायची नसते. शेवटची रांग आहे ना अजून? मग ठेव."

तालमीला आता वेळ उरला नव्हता. लोण्याने सुट्टी टाकून तिला विमानतळावर पोचवलं, टाचणीवहिनीने तोंडातल्या टाचण्या घरी ठेवून सोबत केली. तिथे बाई फार बोलल्या नाहीत. आत जायच्या काचेच्या दारापाशी थांबून त्यांनी काचेवर बोटाने दोनदा ठोकलं आणि गेल्या.

मग इकडे सगळ्या जिन्याचा जीव टांगणीला. मांजर टाचणीवहिनीकडे, आणि वहिनी घड्याळापुढे. कुणी म्हणे, बाई अर्ध्या वाटेत उतरवा म्हणून भांडत असतील. कुणी म्हणे, आकाशात उभ्या असतील, विमानाच्या मधल्या वाटेत, तिकिटं विचारत. ठरलेली वेळ होऊन गेली तरी फोन नाही. शेवटी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तो कळवळून सांगत होता, की विमान वेळेवर उतरलं. माणसं एकेक करून बाहेर आली. धाकटी कठड्याला घट्ट धरून प्रत्येक बाईला बघून विचारत होती, "ही का? ही का?" आणि तो म्हणत होता, नाही, नाही, ही नाही. मग बाहेर येणारी माणसं संपली. दार बंद होऊन पुन्हा उघडलं, सामानवाले आले, सफाईवाले आले. ताई नाही. धाकटी खाली बसायच्या बेतात होती, तेव्हा कुठे एक बाई आली. एकटी, नव्या कोटातली, हळूहळू चालत. या वेळी धाकटीने त्याला काही विचारलंच नाही.

"आता कुठे आहेत?" वहिनीने घाईघाईने विचारलं.

"इथेच आहेत. देतो."

वहिनीला रडूही येत होतं आणि चेष्टाही आवरत नव्हती. तिने चेष्टेला पुढे केलं. "काय हो बाई! सगळं विमान रिकामं झालं तरी तुमचा पत्ता नाही! आधी सांगा, बसायला जमलं की नाही?"

"अगं, बसायचं काय, बसले. विमान थांबल्यावर मेलं उठवेना, ते विचार. आणि फोन ठेव आता, टाचणे. धाकटी बघतेय माझ्याकडे."